हात डोक्यावर जाईपर्यंत

कणकवलीहून सुटलेली एसटी तुम्हाला आचरा तिठ्यावर उतरवते तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते. मार्गशीर्ष आहे. माडांच्या शेंड्यांत वारा शिरलाय आणि खाडीकडून ओलसर, खारट वास येतोय. टपरीवरचा माणूस चहा ओतता ओतता विचारतो, "खंयच्यान इलात?" तुम्ही सांगता, दशावतार बघायला. तो घड्याळाकडे बघतही नाही. "मगे घाई करू नकात. गणपती अकराच्या आत उभो रवाचो नाय."

तुम्ही चालू लागता. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, पायाखाली लाल माती. वाडीवरच्या देवळाची रोषणाई लांबूनच दिसते, हिरवी, निळी, लुकलुकणारी. खाज्याची दुकाने लागली आहेत. बायका चटया अंथरून पुढची जागा धरताहेत, पोरे त्या चटयांवर आत्ताच लोळू लागली आहेत. तुम्ही मात्र इतक्यात बसू नका. देवळाला वळसा घाला आणि मागच्या पडवीत जा. या रात्रीत शिरायचे दार तिथे आहे.

पडवीत भिंतीला लागून ओळीने ट्रंका ठेवल्या आहेत. एका बाजूला पेटारा, त्यावर गणपतीचा मुखवटा, समोर उदबत्ती. चेहरा रंगवून देणारा वेगळा माणूस दशावतारात नसतो. ज्याने त्याने आपल्या ट्रंकेवर बसून, आपल्या आरशात बघून, आपला चेहरा आपणच पुसायचा आणि आपणच नवा काढायचा. तुम्ही ज्याच्याजवळ बसता तो पन्नाशीचा आहे. हात शेतकऱ्याचे, नखांच्या कडांना काजूच्या चिकाचे जुने डाग. आज तो स्त्रीपार्ट करणार आहे.

तळहातावर तो सफेदा घेतो, त्यात चिमूटभर पिवडी, दोन थेंब खोबरेल. बोटाने मळतो. मग कपाळापासून खाली ओढत आणतो. आधी भुवया जातात, मग गालांवरच्या सुरकुत्या, मग ओठ. थोड्या वेळाने समोर नुसता एक फिकट, सपाट गोल उरतो, ज्याला वय नाही, बाईपण नाही, पुरुषपण नाही. एवढे होईतो तो तुमच्याशी अगदी घरच्यासारखा बोलत असतो. भात कापून झाला, झोडणी राहिली, मुलगा गोव्याला कामाला आहे. "आणि काजीचा काय सांगू," तो म्हणतो, "गेल्या वर्षी..." आणि काजळात बुडवलेली काडी डाव्या भुवईच्या जागी टेकते. वाक्य तिथेच थांबते. काडी हळूहळू कमान काढत जाते. तुम्ही पुढच्या शब्दाची वाट बघता. तो येत नाही. दुसरी भुवई होते. ओठ लाल होतात. तो मान किंचित तिरकी करून आरशात बघतो आणि तुम्हाला कळते की काजूबद्दल बोलणारा माणूस आता इथे नाही.

तेवढ्यात मालक येतात. "आज भस्मासुर," ते म्हणतात. कोण शंकर, कोण पार्वती, कोण विष्णू, कोण नारद, एवढे बोटांवर मोजून सांगतात. कोणी कधी यायचे, कुठे संपवायचे, लढाई कितीदा. दहा-पंधरा मिनिटांत सगळे आटोपते. कागद नाही, वही नाही. तुम्ही न राहवून विचारता, "आणि संवाद?"

बाजूला कमरपट्टा आवळणारा तरुण भस्मासुर हसतो. "ते भायर गेल्यार येतत."

हे वाक्य जपून ठेवा. मराठीत नाटकाच्या प्रत्येक खेळाला आपण 'प्रयोग' म्हणतो. शंभरावा प्रयोग, हजारावा प्रयोग. पाठ केलेलेच पुन्हा म्हणायचे तर त्याला प्रयोग का म्हणावे, हा प्रश्न कधी मनात येऊन गेला असेल तर त्याचे उत्तर या पडवीत आहे. या माणसांना आणखी तासाभराने आपण काय बोलणार हे ठाऊक नाही. गोष्ट ठाऊक आहे, पुराण ठाऊक आहे, पखवाजाचे बोल अंगात मुरले आहेत. शब्द मात्र बाहेर उजेडात पाऊल ठेवल्यावर आतून यायचे. आत म्हणजे कुठून, हेच तर बघायला तुम्ही आला आहात.

आणि दिवे जातात.

गावात दिवे जाणे नवे नाही, म्हणून कोणी ओरडत नाही. पडवीत क्षणभर नुसता सफेद्याचा आणि उदबत्तीचा वास. मग कुठेतरी पंप मारल्याचा आवाज येतो, फुस्स-फुस्स, आणि एक पांढराशुभ्र, सुं-सुं करणारा उजेड हळूहळू फुलतो. गॅसबत्ती. तुम्ही बाहेर येता तर रोषणाई नाही, कर्णे नाहीत. ट्रंकांच्या जागी फक्त पेटारा आहे. हे १९६६ आहे. सिंधुदुर्ग जिल्हा अजून जन्मायचा आहे, तो १९८१ साली होईल. तुम्ही उभे आहात ते आचरा रत्नागिरी जिल्ह्यात आहे. मंडळी कालचा काला उरकून मागच्या गावाहून पायी आली आहे, पेटारा डोक्यावर घेऊन. पाय सुजलेले आहेत, पण कोणी बोलून दाखवत नाही.

सभामंडपात मधोमध एक बाकडे. एवढाच काय तो रंगमंच. एका अंगाला पेटीवाला, पखवाजी आणि झांजवाला. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी नाचतात, सरस्वती येते, भटजी येतो. हा आडदशावतार, मूळ आख्यानाआधीचा भाग. लोक अजून इकडेतिकडे आहेत, पान लावताहेत, एकमेकांची विचारपूस करताहेत. आणि मग पखवाज एकदम वेगळा वाजतो. अंधारातून अंगभर काळा, तोंडावरही काळे फडके आणि त्यातून लाल जीभ लोंबत असलेला एक जण उड्या मारत येतो. पोरे आईच्या कुशीत शिरतात. संकासूर.

इथे कान नीट द्या. विष्णू, शंकर, राजे, राण्या, सगळे शुद्ध, घोटीव, संस्कृत शब्दांनी जड झालेले मराठी बोलतात. संकासूर बोलतो मालवणीत. त्याने ब्रह्मदेवाचे वेद पळवले आहेत, पण वेदांबद्दल त्याला फार सांगायचे नसते. तो बोलतो गावाबद्दल. कोणाच्या गडग्याची सीमा रातोरात हातभर सरकली. कोणाच्या घरी मुंबईहून मनिऑर्डर येत नाही, आणि का येत नाही. समोर बसलेल्या बायकांपैकी कितीजणींचे नवरे गिरणगावात आहेत. वर्षातून एकदा, शिमग्याला नाहीतर चतुर्थीला, बोटीने येतात आणि परत जातात. हे गावात कोणी चारचौघांत बोलत नाही. संकासूर बोलतो. आधी एक हशा उठतो, मग तोंडावर पदर जातात, आणि त्या पदरांआड प्रत्येकजण हसतेच आहे असे गॅसबत्तीच्या उजेडात तरी वाटत नाही.

दशावतारावर लिहिणाऱ्यांनी संकासुराला विनोदी पात्र म्हणून बाजूला ठेवले, याचे मला नेहमी वाईट वाटते. एकाच रात्री एकाच अंगणात दोन भाषा. एक दिवसाउजेडी वापरायची, देवापुढची. दुसरी आतली, जी घरात, शेतात, रागात आणि झोपेत बोलली जाते. देवांच्या भाषेआधी ही आतली भाषा काळे कपडे घालून येते, आपल्याला हवे ते बोलून घेते, आणि मगच तिला मारले जाते. दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात ती पुन्हा येणारच असते. ज्यांनी कोणी हा क्रम बसवला त्यांना माणसाच्या मनाची रचना पक्की ठाऊक होती, असे मी मानतो. त्यासाठी त्यांना मनाचे शास्त्र शिकायला व्हिएन्नाला जावे लागले नाही.

याच साली, १९६६ साली, मुंबईत 'रंगायन' ही संस्था विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली 'एक शून्य बाजीराव' करते आहे. लिहिणारा चिं. त्र्यं. खानोलकर, वेंगुर्ल्याच्या बागलांच्या राईचा, जन्म १९३०. कवितेतला आरती प्रभू. मुंबईला जाण्याआधी कुडाळात खाणावळ चालवणारा. मुंबईचे प्रेक्षक त्या नाटकात मनाच्या आतली पडझड बघून चकित होतात आणि त्याला प्रायोगिक म्हणतात. तुम्ही आत्ता संकासुराच्या अंगणातून आला आहात, म्हणून तुम्हाला तो विदूषकी बाणा, ते गंभीर आणि हास्यास्पद यांचे एकाच दमात येणे कुठून आले याचा पत्ता विचारावा लागत नाही. खानोलकर या जत्रांच्या मुलखात वाढला. त्याच्या 'कोंडुरा' कादंबरीतला समुद्रही असाच आतून गरजतो.

खाणावळीवरून आठवले. खाणावळीत वाढलेल्या, वाढणाऱ्या माणसांना बाकीच्यांची मने फार जवळून दिसत असावीत. जर्मनीत झोलिंगेनला एका साध्या खाणावळवजा कॅफेत टेबलांखाली बसून मोठ्यांचे बोलणे ऐकणारी एक मुलगी होती, पिना बाउश. ती मोठी होऊन वुपर्टाल गावच्या नृत्यमंडळाची प्रमुख झाली १९७३ साली. १९७८ च्या मे महिन्यात तिने 'कॅफे म्युलर' केले. या देवळाच्या मागच्या दारातून एक पाऊल टाका आणि बघा: अंधुक उजेड, रंगमंचभर खुर्च्या आणि टेबले. पांढऱ्या झिरझिरीत कपड्यात एक बाई डोळे मिटून चालते आहे, आणि ती आपटू नये म्हणून एक माणूस तिच्या वाटेतल्या खुर्च्या धाडधाड बाजूला फेकतो आहे. मागे भिंतीशी पिना स्वतः, तिचेही डोळे मिटलेले. कोणी काही बोलत नाही. तरीही झोपेत चालणाऱ्या, कोणाला तरी शोधणाऱ्या मनाची घरघर तुम्हाला ऐकू येते.

पिनाची पद्धत जगभर गाजली. ती नाचणाऱ्यांना पावले शिकवत नसे, प्रश्न विचारी. लहानपणी कशाची भीती वाटायची? कोणाच्या कुशीत झोपलात? उत्तर अंगाने द्या, शब्दाने द्या, हवे तर गाऊन द्या. त्या उत्तरांतून ती निवडे, जोडे, टाकून देई, आणि नाटक उभे राही. तुम्हाला पडवीतले मालक आठवतात, दहा मिनिटांत आख्यान वाटून मोकळे झालेले. तेही शब्द देत नाहीत, जागा देतात. फरक आहे, आणि तो मोठा आहे. पिनाने एकदा जोडलेले पक्के होई, ते पुढे वर्षानुवर्षे तसेच नाचले जाई. इथे मिळालेले उत्तर पहाटे दहीहंडीबरोबर फुटून जाते. उद्याच्या गावाला उद्याचे उत्तर. तिथे खुर्च्या होत्या, इथे बाकडे. आज रात्री ते सिंहासन झाले, मग कैलास झाला, मग रथ. बाकडे एका तसूनेही हललेले नाही. हलले ते तुमच्या आत काहीतरी.

तुम्ही परत आचऱ्यात येता तेव्हा गॅसबत्ती विझलेली आहे. उजेड आणखी मागे गेला आहे. आता दोन माणसे हातात पलिते घेऊन उभी आहेत, तेल ठिबकते आहे आणि नट हलला की पलितेवालाही त्याच्याबरोबर हलतो. चेहरा अर्धा दिसतो, अर्धा जातो. त्या अर्ध्या गेलेल्या चेहऱ्याचे काम तुमचे डोळे करू लागतात. मागच्या भिंतीवर नटापेक्षा तिप्पट मोठी सावली नाचते आहे आणि पोरे नटाऐवजी सावलीकडे बघताहेत.

हे साल नेमके सांगता येणार नाही. घाटावर, सांगलीला, विष्णुदास भावे १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांपुढे 'सीतास्वयंवर' उभे करतात. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे यक्षगान बघून राजेसाहेबांनी ते फर्मावलेले असते. भाव्यांचे नटही बरेचसे आपल्या मनाने बोलतात, सूत्रधार गातो. पण १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' येते आणि मराठी रंगभूमी पाठांतराच्या वाटेने निघते. लिहिलेले शब्द, बसवलेली पदे, ठरलेली हालचाल. त्यातून जे वैभव आले त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण कोकणपट्टीतली ही रात्र त्या वाटेने गेली नाही. कर्नाटकातून श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ साली हा खेळ कोकणात आणला अशी परंपरेने चालत आलेली सांगी आहे. तेव्हापासून म्हणा, त्याआधीपासून म्हणा, इथे शब्द कागदावर उतरले नाहीत. ते माणसाच्या आतच राहिले, म्हणून दर रात्री आत उतरून आणावे लागले.

आणि पलितेही विझतात.

आता उजेडच नाही. पखवाज नाही, पेटी नाही, माणूसही नाही. तुम्ही त्याच वाडीत उभे आहात, पण एकाही घरात दिवा नाही. दारांना कड्या घातलेल्या. गोठे रिकामे. कोंबडे आरवत नाही, कुत्रे भुंकत नाही. हे कुठले साल, विचारू नका; हे कधीही असू शकते, कारण काही वर्षांनी एकदा हे होतेच. आचऱ्याची गावपळण. रामेश्वराचा कौल झाला की बारा वाड्यांचे गाव तीन दिवस आणि तीन रात्री रिकामे होते. म्हातारी माणसे, तान्ही पोरे, गुरे, शेळ्या, कोंबड्या, मांजरे, सगळी वेशीबाहेर. सगळ्या जातीधर्मांची. मागे उरतो तो फक्त देव, आणि देवाबरोबर दुसरे जे कोणी असेल ते.

तुम्हाला खरे तर इथे असायला नको. वेशीपलीकडे जा, लवकर.

तिथे झावळ्यांच्या राहुट्या आहेत. चुली पेटल्या आहेत, भाताला कढ आला आहे. एरवी गडग्याच्या वादातून तोंड न बघणारी दोन घरे शेजारी शेजारी निजली आहेत, मध्ये एक झावळीची भिंत. भजन चालले आहे, पलीकडे मुली फुगडी घालताहेत. एक आजी मांडीवर मांजर घेऊन गावाच्या दिशेला तोंड करून बसली आहे. गाव दिसत नाही, तिकडे काळोख आहे. तुम्ही विचारता, "भीती वाटत नाही, घर असे टाकून येताना?"

"घराक पण इसावो होयो," ती म्हणते, आणि मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहते.

तीन दिवसांनी बारापाच मानकरी देवाला पुन्हा कौल लावतील. देवाने हो म्हटले तर गाव परत घरी. नाही म्हटले तर आणखी मुक्काम. या प्रथेमागची कारणे अनेकांनी अनेक सांगितली आहेत, कोणी साथीचे रोग सांगतात, कोणी भुतेखेते, कोणी गावाची हवा शुद्ध होणे. मला त्या अंधारात उभे असताना पडवीतला तो सफेदा आठवतो. भुवया, सुरकुत्या, ओठ सगळे पुसून झाल्यावर उरलेला तो फिकट गोल. तो माणूस दर रात्री तासाभरासाठी आपल्यातून उठून वेशीबाहेर जातो आणि आपली जागा रिकामी करून देतो. ज्या गावाला अख्खे गाव रिकामे करण्याची रीत ठाऊक आहे, त्या गावाच्या माणसाला चेहरा रिकामा करणे अवघड जात नसेल. दोन्ही ठिकाणी परत येण्याची खात्री आहे. तीही देवाच्या हवाली केलेली.

झांज वाजते.

तुम्ही दचकून डोळे उघडता. तुम्ही चटईवर आहात, देवळासमोर. दिवे परत आले आहेत की कधी गेलेच नव्हते, कळत नाही. घड्याळात चार वाजायला आले आहेत. तुमचा डोळा लागला होता आणि तुम्ही एकटे नव्हता; अर्धी जत्रा पेंगते आहे. शेजारचे पोर तोंड उघडे टाकून झोपले आहे. रात्रभराच्या खेळाची ही मोठी गंमत मला आजवर कुठल्या बंद नाट्यगृहात मिळाली नाही. इथे प्रेक्षकाने जागे राहिलेच पाहिजे अशी सक्ती नाही. तो झोपतो, राक्षसाच्या आरोळीने जागा होतो, दोन वाक्ये ऐकतो, पुन्हा झोपतो. आख्यान त्याच्या स्वप्नात शिरते आणि स्वप्न आख्यानात. सकाळी विचारले तर पार्वतीने हे म्हटले की ते, यावर चौघांची चार मते असतात, आणि चौघेही खरे बोलत असतात.

बाकड्याजवळ आता मोहिनी उभी आहे.

तुम्ही तिला ओळखता. म्हणजे ओळखत नाही. नऊवारीचा काष्टा, अंबाड्यात फूल, आणि त्या डाव्या भुवईची कमान. तिच्यासमोर भस्मासुर, तो तरुण, कमरपट्टा आवळलेला. त्याच्याकडे वर आहे: ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म होईल. ज्या शंकराने वर दिला त्याच्याच मागे तो लागला होता. आता मोहिनी सांगते, मी करते तसा नाच करून दाखव, मग मी तुझी. पखवाजी संथ ठेका धरतो.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली हीच गोष्ट पडद्यावर आणली तेव्हा मोहिनी कमलाबाई या अभिनेत्रीने केली. बाईचे काम बाईने करणे हे आपल्याकडच्या सिनेमात तेव्हा अगदी नवे होते. इथे बाईपण अजूनही पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या अंगातून येते आहे. तुम्ही बघत असता आणि ते येते कसे हे तुम्हाला दिसत नाही.

मोहिनी डावा हात कमरेवर ठेवते. भस्मासुर ठेवतो, वेडावाकडा. लोक हसतात. ती मान वळवते. तो वळवतो, जरा जास्तच. हशा. ती एक गिरकी घेते, तो घेतो आणि बाकड्याला धडकतो. झोपलेली पोरे उठून बसतात, टाळ्या पिटतात. ठेका वाढतो. ती हात पुढे करते, खांद्याला लावते, कानापाशी नेते. तो तिच्या हाताकडे बघतो आहे. पहिल्यांदा तो चूक करत नाही. दुसऱ्यांदाही नाही. आता त्याचे पाऊल तिच्या पावलाबरोबर पडते आहे, घुंगरांचा आवाज एकच झाला आहे, आणि हशा कधी थांबला हे कोणाच्या लक्षात आलेले नाही.

तुम्ही त्याचे डोळे बघा. पडवीत हसून "भायर गेल्यार येतत" म्हणणारा तो मुलगा. मोहिनी हात डोक्यावर कितव्या आवर्तनाला नेणार हे त्याला कोणी सांगितलेले नाही. खुद्द तिनेही ठरवलेले नाही. म्हणून तो खरोखरच बघतो आहे, एकेका बोटाकडे. लिहिलेल्या नाटकात नट बघण्याचा अभिनय करतो. इथे बघितले नाही तर ठेका चुकेल, आख्यान कोसळेल. त्या बघण्यात त्याला स्वतःचे अंग उरलेले नाही. आपल्या हातात काय आहे, आपण कोण आहोत, शंकराच्या मागे का धावत होतो, काही उरलेले नाही. फक्त समोरचा हात. असे होऊन बसणे काय असते हे चटईवर बसलेल्या प्रत्येकाला आपापल्या जागी ठाऊक आहे. कोणी मुंबईला गेलेल्या माणसासाठी असे झाले, कोणी जमिनीच्या तुकड्यासाठी, कोणी दारूसाठी. कोणी ते सांगितलेले नाही. ते आता पखवाजाबरोबर वाजते आहे.

मोहिनीचा हात कपाळापर्यंत जातो. थांबतो. खाली येतो.

पाचशे माणसांचा श्वास एकदम सुटल्यासारखा आवाज होतो. पुन्हा आवर्तन. पुन्हा हात वर. या वेळी ती त्याच्याकडे बघत नाही, दूर अंधारात कुठेतरी बघते आहे, जणू तिलाही हे करायचे नाही. हात डोक्यावर टेकतो.

त्याचाही टेकतो.

पखवाज बंद. झांज बंद. तो तसाच उभा आहे, डोक्यावर स्वतःचा हात, आणि तोंडावर आत्ता कुठे उमटत असलेली ओळख. तेवढा एक क्षण. मग तो कोसळतो, पोरे ओरडतात, पेटीवाला सूर धरतो, आणि तुम्हाला जाणवते की तुमचा उजवा हात तुमच्याच गुडघ्यावरून निम्म्या वाटेवर उचलला गेला होता.

पूर्वेला फिकटले आहे. हंडी फुटते, दही-पोह्यांचा काला वाटला जातो, आरतीचे ताट फिरते. लोक चटया गुंडाळतात, पेंगुळलेली पोरे खांद्यावर टाकतात. खाडीवरून होडक्याच्या इंजिनाचा आवाज येतो.

तुम्ही वळसा घालून पडवीत जाता. भस्मासुर ट्रंकेला टेकून बसल्या बसल्या झोपून गेला आहे. त्याच्या शेजारी मोहिनी, अंबाडा उतरवून ठेवलेला. ती फडक्यावर खोबरेल ओतते आणि गालांवरून घासत वर नेते. पांढऱ्या रंगाचा, काजळाचा, कुंकवाचा मिळून एक राखी चिखल फडक्याला लागतो. सुरकुत्या परत येतात. ओठ परत येतात. शेवटी डावी भुवई पुसली जाते. तो मान वर करतो, तुम्हाला बघतो, बाजूची जागा हाताने झाडून देतो.

"...मोहोरच करपून गेलो काजीचो," तो म्हणतो. "अवंदा बघया. च्या घेतलात?"